वाऱ्याला आडवं पळायचं

हे तुर्भ्याच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. त्या दुपारी फर्स्ट शिफ्ट करून घरी आले ते कुणाशी एक शब्द न बोलता सरळ मोरीत गेले आणि अंगावरच्या कपड्यांसकट नळाखाली बसले. पाण्याचा आवाज थांबेना. मी दार वाजवलं, सासूबाईंनी हाका मारल्या. आतून नुसतं "येतो, येतो" एवढंच. बाहेर आले तेव्हा डोळे लालभडक झाले होते.

त्यांच्या प्लांटमध्ये थंडाव्यासाठी अमोनिया वापरायचे. त्या दिवशी पाइपाचा एक जोड सुटला आणि शिडीवर चढलेल्या फिटरच्या तोंडावर सगळा फवारा गेला. ह्यांनी त्याला पायाला धरून ओढत बाहेर काढलं. हे सगळं आम्हाला लगेच नाही कळलं, दोन-तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी कळलं. त्या दुपारी सासूबाईंनी विचारलं, "माणूस हाय का गेला?" तर हे म्हणाले, "जगेल. डोळ्यांचं काही सांगता येत नाही."

तेव्हा आम्ही शिरवण्याच्या कडेला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. आम्ही मूळचे जालन्याकडचे. घरात आम्ही दोघं, आमची तिसरीत जाणारी मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेले, एकदा वर चढल्या की महिना-महिना खाली उतरायच्या नाहीत. खिडकीत उभं राहिलं की पूर्वेला रस्त्यापलीकडे कारखान्यांच्या चिमण्या दिसायच्या. चार वर्षं मी त्या चिमण्या बघत धुणं वाळत घातलं होतं. वास यायचे. कधी औषधासारखा, कधी कुजल्या फळासारखा, कधी रबर जळल्यासारखा. "आज गोड वास आहे" असं आम्ही आज ढग आहेत म्हणावं तसं म्हणायचो. त्या दिवसानंतर मात्र कुठलाही वास आला की मी हातातलं टाकून खिडकीशी जायची आणि रस्त्यावरची माणसं पळतायत का, ते बघायची.

ह्यांनी भीती बोलून दाखवली नाही. त्यांनी तयारी सुरू केली.

पहिल्या रविवारी त्यांनी बाजारातून जाड टर्किशचे चार टॉवेल आणले आणि मोरीच्या खुंटीला लावले. ते दुसऱ्या कशाला वापरायचे नाहीत. मोरीत एक बादली कायम भरलेली, झाकलेली. खिडक्यांच्या फटीत कोंबायला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. दारामागे एक रेक्झिनची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, टॉर्च, बिस्किटांचे पुडे. सासूबाईंना खाली न्यायचं कसं, यावर त्यांनी एक आठवडा घालवला. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीला दोरी बांधली आणि शेजारच्यांच्या मदतीने त्यांना खुर्चीसकट पहिल्या मजल्यापर्यंत उतरवून बघितलं. सासूबाई दोन्ही हातांनी कठडा धरून ओरडत होत्या, "आरं, जित्तेपणीच तिरडीवर घालायलास का रे मला?" शेजारी हसले. मी पण हसले. ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं, ते हातातल्या घड्याळाकडे बघत होते. "चार मिनिटं," ते म्हणाले. "फार झाली."

आणि मग मुलीचा नंबर. रोज संध्याकाळी पाढ्यांनंतर ते तिला समोर बसवायचे.

"वास आला की पहिलं काय?"

"नाकाला ओला रुमाल."

"मग?"

"वारा बघायचा. चिमणीचा धूर कुठं जातोय ते."

"मग?"

"वाऱ्याला आडवं पळायचं. वाऱ्याच्या तोंडाला नाही, वाऱ्याच्या पाठीला नाही. आडवं."

"कुठं?"

"कारखान्याकडनं वारा असला तर गावातल्या तळ्यावर. ठाण्याकडनं असला तर स्टेशनच्या पुलाखाली."

"आणि कुणासाठी थांबायचं?"

"कुणासाठीच नाही."

"आई मागं राहिली तर?"

तिने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा वळून माझ्याकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "तरीपण नाही."

मी त्या रात्री स्वयंपाक करता करता ह्यांना म्हटलं, "अहो, आठ वर्षांची आहे ती. हे काय शिकवताय तिला?"

"भोपाळला जी थांबली ती गेली," ते म्हणाले. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, वायू किती वेळ देतो ते. एक श्वास. थांबायला वेळच नसतो."

खरं सांगायचं तर मला त्यांचं पटत होतं, आणि तेच जास्त भयंकर वाटत होतं. पाठ म्हणून घेताना मुलीचा आवाज पाढ्यासारखाच सपाट यायचा. बे एके बे, आई मागं राहिली तरी थांबायचं नाही.

आमच्या समोरच्या दारात एक मुसलमान कुटुंब राहत होतं, रायगडातलं, अलिबागच्या बाजूचं. नवरा वाशीला एका ऑफिसात, बाई घरी शिवणकाम करायची. आमची मुलगी तिला आपा म्हणायची म्हणून आम्ही सगळेच आपा म्हणायचो. खुर्चीच्या प्रकारात दोरीचं एक टोक तिच्या नवऱ्याने धरलं होतं. एकदा ती ब्लाउजचं माप घ्यायला आमच्याकडे आली आणि दारामागची पिशवी बघून थांबली.

"कागदं आहेत का यात?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. वायू, वारा, तळं. मला वाटलं, हसेल.

"आमच्याकडे पण आहे अशी," ती म्हणाली. "दाराच्या मागेच."

"गॅससाठी?"

"नाही वहिनी." ती टेप गळ्यात टाकून माझ्या खांद्याचं माप घेत राहिली. "दंगलीच्या त्या डिसेंबरपासून आहे. इथे काही झालं नाही, अल्लाची मेहेरबानी. पण एकदा भरली ती रिकामी करायला हात होत नाही."

चार वर्षं आमची दारं समोरासमोर होती आणि मला त्या पिशवीचा पत्ता नव्हता. तिने माप वहीत लिहिलं आणि गेली. पण त्या दिवसापासून आम्ही एकमेकींच्या घराची किल्ली ठेवायला लागलो.

ते झालं त्या दिवशी थंडी होती आणि धुकं इतकं की समोरच्या इमारतीचा नुसता आकार दिसत होता, चिमण्या तर नाहीतच. हे फर्स्ट शिफ्टला गेलेले. मुलगी सकाळच्या शाळेत. मी गव्हाचा डबा उन्हात ठेवू की नको या विचारात होते. आठाचा भोंगा होऊन बराच वेळ झाला होता.

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "काय वास सुटलाय बाई? गटारात पावडर मारायलेत का?"

मला पण आला. ब्लीचिंग पावडरचा वास. पावसाळ्यात गटाराच्या कडेने मारतात ना, तसा. पण हा दर श्वासाला वाढत होता. मी खिडकीशी गेले. खाली एक माणूस सायकल टाकून, सायकल तशीच रस्त्यात आडवी ठेवून, तोंडावर मफलर दाबून पळत होता. त्याच्या मागे दोन बायका. कुणीतरी हिंदीत ओरडलं, "टंकी फटी! टंकी!" आणि मग एकदम खोकल्याचे आवाज, सगळ्या मजल्यांवरून.

इतके महिने घोकलेलं सगळं डोक्यातून पुसून गेलं. यादी होती, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली, ती मी उघडून बघितली आणि मला अक्षरं लागेनात. मग एकच गोष्ट कळली. त्या यादीत आम्ही चौघं घरात होतो. टॉवेल घरात, बादली घरात, खुर्ची घरात. मुलगी शाळेत असताना काय करायचं, ते तिला सांगितलं होतं. मी काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी टॉवेल भिजवून सासूबाईंच्या तोंडावर दिला, खिडक्या लावल्या, फटीत पट्ट्या कोंबायला लागले. खुर्ची ओढली. सासूबाईंनी माझा हात झटकला.

"मला कुठं न्यायलीस? लेकरू कुठं हाय?"

"शाळेत."

"मग हितं काय करायलीस तू? जाय!"

"तुम्हाला एकटीला—"

"मला काय धाड भरलीय? जाय म्हणते ना!"

तेवढ्यात आपा दार ढकलून आत आली, ओढणी तोंडाला गुंडाळलेली. तिच्या घरात ती एकटीच होती. तिने एक शब्द विचारला नाही. "तुम्ही जा वहिनी, मी बसते अम्मांजवळ," म्हणाली आणि माझ्या हातातली लुगड्याची पट्टी घेऊन खिडकीशी गेली.

जिना उतरताना वास जास्त होत गेला. आमच्या घरात नुसता घशाला खवखवत होता, खाली मात्र डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. पदर भिजवून तोंडाला बांधला होता तरी छाती आवळत होती. शाळा घरापासून दहा मिनिटांवर. मी धावत होते आणि बरीच माणसं उलट्या दिशेने धावत होती. एका बाईने माझा दंड धरला, "अगं, तिकडे कुठं? तिकडनंच येतंय!" मी तिचा हात सोडवला.

शाळेचं फाटक बंद होतं. वॉचमन आतून ओरडला, "पोरं वर आहेत, सगळी वर आहेत, घाबरू नका." मैदान रिकामं होतं. मास्तरांनी आणि बाईंनी सगळ्या वर्गांना दुसऱ्या मजल्यावर नेऊन खिडक्या-दारं लावली होती. मला आत घेतलं. वर एका वर्गात चार-चार वर्गांची मुलं जमिनीवर बसवली होती, काही रडत होती, काही मजेत होती. मी तिसरीच्या बाईंना शोधलं. त्या मुलांना रुमाल ओले करून देत होत्या. मला बघून त्यांनी मुलांवरून नजर फिरवली. एकदा. दोनदा.

"आत्ता तर होती," त्या म्हणाल्या.

एक मुलगी म्हणाली, "ती पाणी प्यायला गेली. वर्गात वास आला तेव्हाच."

"मग वर आली ना?"

त्या मुलीने मान हलवली. नाही.

मी सगळे वर्ग बघितले, नावाने हाका मारल्या, संडासाची दारं उघडली. खालच्या वर्गात तिचं दप्तर बाकावर होतं, डब्यासकट. वॉचमन म्हणाला, सुरुवातीला एक पालक मुलाला घ्यायला आला तेव्हा फाटक उघडलं होतं, त्या गडबडीत एखादं पोर गेलं असेल तर त्याला माहीत नाही.

अख्ख्या शाळेतली सगळी मुलं भिंतींच्या आत होती. फक्त माझी एक बाहेर. ती चुकली नव्हती, हरवली नव्हती. बापाने शिकवलं होतं तस्सं तिने केलं होतं.

बाई म्हणत होत्या थांबा, माणूस पाठवतो, पण मी फाटकाबाहेर पडले होते. तळं की पूल? वारा कुठला? धूर दिसत नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं. तिला काय दिसलं असेल? तिने काय ठरवलं असेल? मी बोट तोंडात घालून ओलं करून वर धरलं, येड्यासारखी भर रस्त्यात उभी राहून. काही कळलं नाही. स्टेशन जवळ होतं म्हणून मी स्टेशनकडे पळाले.

पुलाखाली ती नव्हती. तिथे नुसती माणसं. जो तो इथून निघायच्या मागे होता, बोचकी, पोरं, म्हातारी माणसं, सगळी फलाटाकडे लोटत होती, पनवेलकडची असो की मुंबईकडची, येईल ती गाडी. मी एकेका पोरीचा खांदा धरून वळवून बघत होते. निळा पिनाफोर, लाल रिबिनी. तशा पोरी पुष्कळ होत्या. एक गाडी आली, माणसं भरली आणि गेली, आणि मला वाटलं, ती या लोंढ्यात सापडून गाडीत चढली असेल तर? तिला घराचा पत्ता पाठ होता, पण ती अनोळखी माणसाला सांगणार नाही, तेही आम्हीच शिकवलं होतं. मी फलाटावर तिच्या नावाने ओरडत होते आणि माझा आवाज घोगरा होऊन फुटत नव्हता. चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, "क्या हुआ?" मी हाताने उंची दाखवली, इतकी, इतकी मुलगी. तो नाही म्हणाला.

मग तळं.

तळ्याकडे जाणारी गल्ली उताराची. जसजशी उतरत गेले तसा वास वाढत गेला. वर रस्त्यावर सहन होत होता तो तिथे नाकात सुरीसारखा शिरत होता. तेव्हा मला हे कळत नव्हतं की काही वायू जड असतात, पाण्यासारखे सखल जागी जाऊन साचतात. एवढंच कळलं की मी जिथे चालले आहे तिथे जास्त आहे, आणि माझी पोर मला तिथेच सापडायची आहे. एक कोंबडी वाटेत मान टाकून बसली होती. गल्लीतली दारं बंद. माणूस नाही.

तळ्यावरही कुणी नव्हतं. पाण्यावर धुकं. मी पायऱ्यांवर उभी राहून हाक मारली आणि तेव्हाच मला शेवटच्या पायरीशी पाण्यात तरंगताना तिचा रुमाल दिसला. निळ्या चौकड्यांचा. कोपऱ्यात मीच दोऱ्याने फूल काढलेलं.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मी कमरेइतक्या पाण्यात होते एवढं आठवतं. हात पाण्याखाली घालून चाचपत होते. शेवाळ हाताला लागत होतं आणि दर वेळी मला वाटायचं, केस.

"ए बाय! ए!"

मागून आवाज आला. तळ्याच्या काठाला आगऱ्यांची घरं होती, त्यातल्या एका घराच्या माळ्याच्या खिडकीतून एक म्हातारी हात हलवत होती. "पोरीला शोदतंस का गो? हितं हाय. वर हाय. तू भायेर नको थांबूस, वर ये!"

मी त्या घरात कशी शिरले, ओल्या साडीने ती लाकडी शिडी कशी चढले, देव जाणे. माळ्यावर सुक्या मासळीच्या पाट्या, कांद्यांचा ढीग आणि त्या ढिगाला टेकून माझी मुलगी बसली होती. डोळे सुजलेले, गालांवर ओघळ. म्हातारी सांगत होती, "पायरीवं बसलेली एकलीच. बोलवली तर येत नाय. म्हनते मला हितंच थांबायला सांगितलंय. खाली वास किती मारतंय, मी बोललू, चल वर. मंग उचलूनच आनली. पानी पन पीत नाय, बोलत पन नाय."

कुठली यादी नाही, कुठला पाठ नाही. त्या म्हातारीला खाली गुदमरलं म्हणून ती वर चढली आणि परक्या पोरीला काखोटीला मारून वर घेऊन गेली. एवढंच.

मी मुलीला पोटाशी धरलं. ती लाकडासारखी ताठ होती. मग माझ्या कानाशी म्हणाली, "आई, मी थांबले नाही."

"हो गं बाळा."

"तुझ्यासाठी पण नाही थांबले." आणि मग तिचा आवाज फुटला. "आजी कुठंय? आजीला कोण आणणार?"

दुपारी वास विरला तेव्हा आम्ही घरी आलो. सासूबाई पलंगावर होत्या आणि आपा त्यांच्या पायाशी, दोघींच्या तोंडावर टॉवेल. आपाने खिडक्या इतक्या गच्च लावल्या होत्या की घरात अंधार होता. सासूबाई त्रिशरण म्हणत होत्या, आपा तिचं काही पुटपुटत होती. मुलीला बघितल्यावर सासूबाईंनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. आपा उठून तिच्या घरी गेली आणि दार लावून घेतलं. नंतर तिच्या नवऱ्याकडून कळलं, ती तासभर रडत होती.

हे चार वाजून गेल्यावर आले. त्यांच्या कारखान्यात काही झालं नव्हतं. फुटली होती ती दुसऱ्याच एका कारखान्यातली क्लोरिनची टाकी. पण फाटकं बंद करून कुणाला सोडलं नव्हतं आणि फोनपाशी जायची मुभा नव्हती. सात तास त्यांना माहीत नव्हतं आम्ही आहोत की नाही. दारात उभे राहून ते एकेकाकडे बघत होते, मोजल्यासारखे.

मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही. "तुमच्या यादीने माझी पोर गेली असती," मी म्हणाले. "शाळेतली सगळी पोरं वर सुखरूप होती. माझी एक खाली तळ्यावर बसली होती. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

सासूबाई म्हणाल्या, "बास कर बाई, आत्ताच आलाय तो." पण मी थांबले नाही. जे तोंडाला आलं ते बोलले, मुलीसमोर, दार उघडं असताना.

ते ऐकून घेत राहिले. मग खाली जमिनीवर बसले. "अमोनिया वर चढतो," ते हळू बोलत होते, जणू स्वतःलाच समजावत होते. "म्हणून मी खाली जायला सांगितलं. क्लोरिन खाली येतो. मला माझ्या प्लांटचं माहीत होतं गं. शेजारच्या प्लांटमध्ये काय भरलंय, ते कुणी सांगतच नाही. मी तिला खड्ड्यात पाठवत होतो." आणि ते रडले. मी लग्नानंतर त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं.

मुलगी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. "पप्पा, मग आता काय करायचं? थांबायचं का नाही थांबायचं?"

"बाई सांगतील तसं करायचं."

"आणि बाईंना माहीत नसलं तर?"



आमच्या बाजूला कुणी दगावलं नाही. बऱ्याच जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं जास्त. सासूबाईंचा खोकला महिनाभर टिकला. तो अमोनियावाला फिटर एका डोळ्याने बघायला लागला, कारखान्याने त्याला फाटकावर बसवलं. आठवड्याने मी, आपा आणि इमारतीतल्या तीन-चार बायका शाळेत गेलो. मी कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, आम्ही सगळं बरोबर केलं होतं. मी म्हटलं, "हो सर, तुम्ही बरोबर केलं. पण तुम्ही काय करणार हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि आम्ही घरी काय शिकवलंय हे तुम्हाला माहीत नव्हतं." मग त्यांनी कारखान्यांना पत्रं लिहिली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी आपापला माणूस पाठवला, त्यांनी कुठल्या वासाला काय करायचं ते फळ्यावर लिहून सांगितलं. आम्ही बायकांनी मागच्या बाकांवर बसून, मुलांच्या वह्यांत ते उतरवून घेतलं. ह्यांनी ते सगळं घरी स्वच्छ अक्षरात परत लिहिलं. घर सोडून जायचा विषय निघाला, पण जाणार कुठे, नोकरी तिथेच होती.

माझी भीती मात्र कशाने उतरली नाही. ते वर्ष संपेपर्यंत मी रोज अकरालाच घर आवरून शाळेसमोर जाऊन उभी राहायची, सुटायला तास असला तरी. वॉचमन मला ओळखायला लागला, स्टूल द्यायचा. फाटक उघडं दिसलं की मी उठून उभी राहायची. एक दिवस मुलगी बाहेर आली आणि घराजवळ आल्यावर म्हणाली, "आई, तू तिथं थांबत जाऊ नको ना. मुली हसतात मला."

मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मी जरा पुढे, कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहायला लागले. तिथून फाटक दिसायचं, आणि फाटकातून मी दिसत नसे.